हशामागचे ऋण

शिरोली एमआयडीसीच्या फौंड्रीत दिवसभर भट्टीपुढे राबलेला माणूस रात्री घरच्यांसह मनमुराद हसतो, याचे आम्हांस समाधानच वाटते. २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'ने असे हसू घरोघर पोहोचवले. त्यात पुढाऱ्यांच्या नकला होत आणि लोक त्या आवडीने पाहत.

मार्च २०२० मध्ये मात्र कोल्हापूरकर दुखावले. राजर्षी शाहू महाराज व सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात फेरफार करून कलाकारांचे चेहरे बसवलेले चित्र कार्यक्रमात दिसले. संभाजीराजे छत्रपतींनी जाहीर निषेध केला. सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी माफी मागितली.

"फादर, एका फोटोचे एवढे काय?" असे एका तरुणाने आम्हांस विचारले. उत्तर त्याच्या वडिलांनीच दिले, "आमचा आजा शाळेची पायरी चढला, तो महाराजांमुळे." १९०२ साली मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखणाऱ्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणाऱ्या राजाविषयी ते बोलत होते.

पुढाऱ्याच्या नकलेने सत्तेचा ताठा उतरतो, म्हणून ती हवीच. पण ज्याचे ऋण घराघरांत आहे, त्याची प्रतिमा थट्टेचे साधन झाली की हसणाऱ्याच्याच घशात हसू अडकते. विनोदकाराने हे ऋण जाणावे. प्रेक्षकानेही, माफी मागितली गेली की राग सोडावा. त्या घरात आता पुन्हा हसू ऐकू येते आणि ते आम्हांस बरे वाटते.