कोर मोजणं मी सोडून दिलं

कॉम्प्युटर घ्यायचा तर जास्तीत जास्त कोरचा घ्या, हा सल्ला मी वर्धा आणि हिंगणघाट भागात अनेक वर्षं मनापासून दिला. आता देत नाही. दुकानदार असो, शाळा असो, सेवा केंद्र असो की जिनिंगचं ऑफिस, मी आधी एवढंच विचारतो की तुमचं अडतं ते काम कोणतं. मत का बदललं ते मोकळेपणी सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर लोकांनी कष्टाचे पैसे खर्च केले आहेत.

जुनं मत हवेतून आलं नव्हतं. माझ्या पिढीतल्या विदर्भातल्या मुलांना ‘परम’ या महासंगणकाचा मोठा अभिमान होता. तो घडवणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, शिकले नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. भारताला हवा तो महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात एकच अवाढव्य प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे ६४ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. लहान लहान मिळून महासंगणक होतो, ही गोष्ट मनात इतकी खोल बसली की पुढे तिच्यावर शंका घ्यायचं कधी सुचलंच नाही.

बाजारानंही तेच सांगितलं. आधी दरवर्षी प्रोसेसरच्या वेगाचा, म्हणजे गिगाहर्ट्झचा, आकडा चढत होता. इंटेलचा पेंटियम ४ कसाबसा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथे उष्णतेनं वाट अडवली. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चिप इतकी तापू लागली की २००४ च्या मे महिन्यात इंटेलनं पेंटियमची पुढची आवृत्ती सोडून दिली आणि एका चिपवर दोन कोर, म्हणजे जणू दोन प्रोसेसर, बसवण्याचा रस्ता धरला. २००५ पासून ते प्रोसेसर दुकानांत आले. मग दोनाचे चार, चाराचे आठ झाले. म्हणजे अनेक कोर आले ते एका कोरचा वेग आणखी वाढवणं परवडेना म्हणून. हा इतिहास मला पाठ होता, पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

तो अर्थ समजला एका जिनिंगच्या ऑफिसात. हंगामात कापूस खरेदीचा सगळा हिशेब तिथे एका एक्सेल पत्रकात चालायचा. वजन, भाव, कपात, चुकारे हे सारं कुणीतरी लिहून दिलेल्या मॅक्रोवर अवलंबून होतं. आठ कोरची मशीन मीच सुचवली होती. मुनीमजी म्हणाले, “भाऊ, मशीन तं नवी आहे, पण पत्रक तसंच अडकते.” मी टास्क मॅनेजर उघडला. पत्रक अडकलेलं, बाहेर गाड्यांची रांग, आणि प्रोसेसरचा वापर बारा-तेरा टक्के. शंभराला आठानं भागलं की साडेबारा येतात. एक कोर जिवाच्या आकांतानं राबत होता आणि सात बसून होते. एक्सेलची साधी सूत्रं २००७ च्या आवृत्तीपासून अनेक कोरांवर वाटली जातात, मॅक्रो मात्र एकाच कोरवर ओळीनं चालतो. प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीचं उत्तर लागत असेल, तर मदतीला सात जण उभे राहून करणार काय?

यामागचं गणित संगणकतज्ज्ञ जीन अम्डाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं आणि त्याच जिनच्या आवारात ते डोळ्यांनी दिसतं. आत रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, रांग असते. एकाच्या जागी दहा रेचे लावले तर रुई आणि सरकी वेगळी करण्याचा वेळ दहाव्या हिश्शावर येतो. पण गाडी आधी एकाच वजनकाट्यावरून जाते आणि रुईच्या गाठी शेवटी एकच प्रेस बांधते. या दोन ठिकाणचा वेळ रेचे वाढवून कमी होत नाही. समजा, एकूण वेळातला पाचवा हिस्सा असा न वाटता येणारा आहे. मग चार रेच्यांनी काम अडीच पट लवकर होतं, आठांनी सव्वातीन पटीच्या थोडं वर, सोळांनी चार पट, आणि हजार लावले तरी पाच पटीच्या पलीकडे जात नाही. प्रोसेसरचंही अगदी असंच. न वाटता येणारं काम निम्मं असेल तर आठ कोरांनी वेग दुप्पटसुद्धा होत नाही.

हे समजल्यावर मी बाकीच्या मशीनकडेही नव्यानं पाहू लागलो. सेवा केंद्रातला कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायला खूप वेळ घेतो, तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात, डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झच्या कोरचे सव्वा कोटी ठोके वाया जातात. कोर दोन असोत की आठ, सगळे त्याच तबकडीची वाट पाहतात. अशा जुन्या दोन कोरच्या मशीनला फिरती तबकडी नसलेली एसएसडी लावली की ती हार्ड डिस्कवरच्या नव्या आठ कोरच्या मशीनच्या आधी सुरू होते, हे मी अनेकांच्या टेबलावर पाहिलं आहे. रॅमचंही तसंच. सगळे कोर एकाच रॅमकडून माहिती मागतात. दुसऱ्या खाचेत जोडीची पट्टी टाकली की तो रस्ता रुंद होतो. ज्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्या आतच असतो, तिथे हा फरक लगेच जाणवतो.

आणि आपला उन्हाळा. खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा गिगाहर्ट्झ आकडा सहसा एक-दोन कोर चालू असतानाचा असतो. सगळे कोर एकदम राबले की वेग खाली येतो, आणि चिप तापून मर्यादेला पोचली की आणखी खाली. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, खोलीत कूलर असला तर असतो. जिनिंगच्या ऑफिसात पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू नमद्यासारखे जमतात. तिथे आठ कोरच्या मशीनला पूर्ण वेग कधी मिळतच नाही. प्रोसेसर बदलण्याआधी हीटसिंक साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला, हा सल्ला मी आता सर्वांत आधी देतो. खर्च थोडा, गुण मोठा.

मग कोर निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत, आणि या टोकालाही मला जायचं नाही. लग्नाचा व्हिडिओ तयार करणाऱ्या स्टुडिओत प्रत्येक तुकडा वेगळ्या कोरला देता येतो. तिथे चाराचे आठ झाले की रात्रभराचं काम जवळजवळ अर्ध्यावर येतं. एकाच वेळी ब्राउझर, प्रिंट आणि व्हायरस तपासणी चालू असेल तर दुसरा, तिसरा, चौथा कोर हवाच. त्यापुढचे किती हवेत ते कामावर आहे. अॅपलनं २०१५ पर्यंत आयफोनमध्ये दोनच कोर ठेवले होते, पण ते तगडे होते. आठ दुबळ्या कोरचे स्वस्त फोन त्याच्या जवळपासही येत नव्हते.

परमबद्दलचा माझा अभिमान यानं कमी झाला नाही, वाढला. आधी मी ६४ हा आकडा पाहत होतो. सी-डॅकच्या लोकांचे खरे कष्ट होते ते काम ६४ ठिकाणी वाटून, उत्तरं पुन्हा एकत्र आणणाऱ्या प्रणालीत. त्या प्रणालीचं नाव होतं ‘परास’. ती नसती तर ते ६४ प्रोसेसर एकमेकांची वाट पाहत बसले असते. त्या यशातली ही बाजू आपण मुलांना सांगितली नाही. कॉम्प्युटरच्या वर्गात कोरची संख्या पाठ करून घेतो, काम कसं वाटायचं ते शिकवत नाही. ते शिकवायलाच हवं.

नवी मशीन घ्यायच्या विचारात असाल तर खरेदीला निघण्याआधी एक करा. तुमचं सर्वांत रखडणारं काम सुरू करा आणि ते चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्के दिसली तर एसएसडी घ्या. रॅम भरलेली दिसली तर रॅम वाढवा. आठ कोरच्या मशीनवर प्रोसेसर बारा-तेरा टक्क्यांवर अडलेला दिसला तर एका कोरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर पाहा, किंवा ते सॉफ्टवेअर सुधारून घ्या. सगळेच कोर भरलेले दिसले, तरच जास्त कोरसाठी पैसे मोजा.