इंजिन नव्हे, चकती

2023 च्या हिवाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत, मिशिगनला गेलो. त्याच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रकमधून ठकठक येत होती. तिथल्या गॅरेजवाल्याने बेअरिंग गेले, इंजिनच बदला म्हणून सांगितलेले. बर्फात कामावर जायला दुसरी गाडी नाही. पोरगा खचला होता.

मी एसटी वर्कशॉपचा निवृत्त फिटर. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकले. आवाज मागून, गिअरबॉक्सच्या जोडावरून येत होता.

आमच्या जुन्या एसटी गाड्यांत तिथे जाडजूड फ्लायव्हील आणि क्लच प्लेट असायची. ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी पातळ पोलादी चकती असते, फ्लेक्सप्लेट. एका अंगाला क्रँकशाफ्ट, दुसऱ्या अंगाला टॉर्क कन्व्हर्टर, कडेला स्टार्टरसाठी दाते. तिला तडा गेला की बेअरिंग गेल्यासारखाच आवाज येतो.

चकती हलकी, पण तिच्यापर्यंत पोचायला दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्स्फर केस, गिअरबॉक्स, सारे उतरवावे लागते. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी पोराला गाडीखाली शिरू दिले नाही. आधी स्टँड लावायला लावले. चकती निघाली तेव्हा बोल्टांच्या भोकांभोवती गोल तडा होता. पोरगा कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसला.

जोडताना कन्व्हर्टर पंपात पुरता बसला पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना पंप फुटतो. पोराला घाई. मी म्हटले, "आधी हाताने फिरवून बघ." सुटा फिरला, मगच पाना दिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच गाडीने कामावर गेला.