तीन ठेवल्या, एक काढली

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या बहुतेक मुलांच्या अक्कलदाढा कॉलेजला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात काढल्या जातात. शाळा संपली, लायसन्स आलं, आता दाढा, अशी जणू रीतच आहे. म्हणून ब्रेसेस निघाल्यावर माझ्या सतरा वर्षांच्या लेकीचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे पाहून डेंटिस्टने ओरल सर्जनकडे पाठवलं, तेव्हा घरात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र अडले. तिला काहीच दुखत नव्हतं.

सर्जनने एक्स-रे मोठा करून नीट समजावलं. या वयात दाढांची मुळं पुरती तयार झालेली नसतात आणि भोवतीचं हाड लवचीक असतं. खालच्या जबड्यातून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर असते. मुळं वाढली की ती या नसेला भिडू शकतात, आणि तिशीनंतर काढायची वेळ आली तर काम अवघड होतं, जखम भरायलाही जास्त दिवस लागतात. शिवाय चारही एकदम काढल्या तर भूल एकदाच. यातलं काहीच खोटं नाही, आणि मी काही दिवस त्याच बाजूला झुकलेली होते.

माझी नणंद लेस्टरला असते. तिच्या मुलाची तिरकी अक्कलदाढ तिथल्या डेंटिस्टने पाहिली आणि त्रास झाला तर या म्हणून सांगितलं. ‘वहिनी, दुखत नसेल तर इथे कुणी हात लावत नाही,’ ती म्हणाली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगून ठेवलंय की, अडकलेल्या पण निरोगी अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून सरकारी आरोग्यसेवेत काढू नयेत. आतेमामेभावंडं, वय जवळपास सारखं, आणि देश बदलला की सल्ला पार उलटा. हे मला स्वस्थ बसू देईना. शोधत गेले तेव्हा कळलं की वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले होते. निरोगी अडकलेल्या दाढा काढाव्यात की ठेवाव्यात, हे ठरवायला पुरेसा पुरावाच त्यांना सापडला नव्हता. अक्कलदाढा ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात, हेही ब्रेसेसवाल्या पालकांत फार ऐकू येतं. त्याला आधार नाही. वय वाढतं तसे पुढचे दात थोडे सरकतातच, अक्कलदाढा नसलेल्यांचेही. त्यावर उपाय रात्री दात जागेवर धरणारा रिटेनर लावण्याचा.

सांगलीहून आईचा फोनवर एकच प्रश्न असायचा, दुखत नाही तर काढता कशाला? तिच्या चारही अक्कलदाढा जागेवर आहेत. पण तिचा जबडा तिचा, नातीचा नातीचा.

लेक शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. दाढ काढताना नस दुखावली तर येणारी खालच्या ओठाची बधिरता बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते, क्वचित कायमची राहते, असं सर्जनने स्वच्छ सांगितलं. ते ऐकून ती गप्प झाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘आई, गरज असेल तर मी काढेन. पण सगळे काढतात म्हणून नाही.’ सही माझी लागणार होती, तोंड मात्र तिचं होतं. माझ्या लेखी तिचं हे वाक्य सर्वांत वजनदार ठरलं.

पुढच्या भेटीत आम्ही प्रत्येक दाढेबद्दल वेगळं विचारलं. हीच का? आता न काढल्यास काय होईल? वरच्या दोन्ही सरळ होत्या, त्यांना जागाही होती. खालची डावी पूर्ण हाडात, तिची मुळं नसेच्या दिशेने चाललेली, रोगाची खूण नाही. उजवी खालची वेगळी निघाली. ती पुढे कलून अर्धवट वर आली होती, तिच्या आणि शेजारच्या दाढेच्या मधे अन्न अडकत होतं आणि त्या चांगल्या दाढेच्या मागच्या बाजूला एक्स-रेत पुसट काळी छाया दिसत होती. तिथे ब्रश पोचतच नाही. न दुखणारी कीड तिथे सुरू झाली होती, आणि उशीर केला असता तर आयुष्यभर लागणारी शेजारची दाढ धोक्यात आली असती. नणंदेच्या देशातही अशी दाढ काढतातच.

ती एक काढली. एकच असल्याने जागा बधिर करणारं इंजेक्शन पुरलं, शिरेतून भूल द्यावी लागली नाही. दुखण्यासाठी व्यसन लावू शकणाऱ्या ओपिऑइड गोळ्या नकोत, हे मी आधीच बोलले होते. इथल्या कित्येक मुलांची त्या औषधांशी पहिली गाठ अक्कलदाढेच्याच निमित्ताने पडलेली आहे, आणि त्याचे परिणाम या देशाने भोगलेत. सर्जनलाही ते मान्य होतं. आता दंतवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनाही आयबुप्रोफेन आणि टायलेनॉल, म्हणजे पॅरासिटामॉल, यांवरच भर देतात. गाल सुजला, दोन दिवस ठणका होता, मऊ भात आणि ताकावर निभावलं. ओठाला काही झालं नाही. क्लॅरिनेट तिने जखम भरल्यावरच हातात घेतलं. शेजारच्या दाढेत छोटं फिलिंग झालं.

उरलेल्या तिघींना ठेवलंय, म्हणजे विसरलोय असं नाही. खाली जोडीदार न उरल्याने उजवी वरची दाढ हळूहळू खाली सरकू शकते, ते दर तपासणीत पाहायचं. खालच्या डाव्या दाढेवरची हिरडी सुजली, तोंड उघडताना ओढ बसली, घाण वास किंवा पू आला, तर थांबायचं नाही. एक्स-रेची प्रत लेकीने स्वतःच्या फोनवर घेतली आहे, कारण पुढची तपासणी कॉलेजच्या गावातल्या डेंटिस्टकडे होणार आहे आणि तिथे मी सोबत नसेन.