चौथ्या पट्ट्यावरील बहात्तर जागा

जी गोष्ट कागदोपत्री केव्हाच निकालात निघाली, ती पुन्हा उकरून काढण्यात औचित्य नाही, असे कचेरीतील वडीलधाऱ्यांनी मला परोपरीने सांगून पाहिले. परंतु नांदेडजवळच्या एका डाळ गिरणीत, हातात टेप धरून उभ्या असलेल्या एका वृद्ध फिटरला मी लातुरात खुर्चीवर बसून फोनवरून जे बोललो, ते माझ्या मनातून जात नाही.

मी लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. तूर आणि डाळ गिरण्या यांच्यामुळे लातूरचे नाव देशभर झालेले असल्याने आमच्याकडे कोणती यंत्रे होतात हे निराळे सांगावयास नको. त्यांपैकी एलिव्हेटर म्हणजे धान्य वर चढविणारा उभा पाळणा: दोन पुलींवरून फिरणारा रबरी पट्टा, त्यावर दर २०० मिलिमीटरला एक पत्र्याची बकेट, आणि प्रत्येक बकेटीस दोन बोल्ट. या गिरणीसाठी असे चार एलिव्हेटर होते आणि त्यांच्या सुट्या भागांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते.

पूर्वी ही मोजदाद ड्रॉइंगच्या छापील प्रतीवर लाल पेन्सिलीने खुणा करीत होत असे. आता ती संगणकावर होते: ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रणालीत एखादी आकृती एकदा काढून तिला नाव देऊन ठेवली की ती ‘ब्लॉक’ होते, आणि त्या नावाच्या आकृती ड्रॉइंगमध्ये किती ठिकाणी बसविल्या आहेत, हे यंत्र क्षणार्धात सांगते. पूर्वी त्यासाठी ‘बीकाउंट’ ही आज्ञा होती, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून ‘काउंट’ ही आज्ञा मोजलेला प्रत्येक नग पडद्यावर उजळूनही दाखविते. लाल पेन्सिल वापरणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांविषयी माझ्या मनात तेव्हा अनुकंपेपलीकडे काही नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

यंत्राने ५२० बकेटी सांगितल्या. मी यादीत ५२० बकेटी आणि १०४० बोल्ट लिहिले, आणि अहमदपूर-लोह्याच्या रस्त्याने माल नांदेडकडे रवाना झाला. पट्ट्याची लांबी मात्र मी उंचीवरून स्वतंत्र काढलेली असल्यामुळे पट्टा बरोबर गेला. फिटरमामांनी पट्ट्यांना भोके पाडली, तीन एलिव्हेटर पूर्ण बसविले, आणि चौथ्यावर ७६ बकेटी चढवून झाल्यावर त्यांच्यापुढची पेटी रिकामी झाली. पट्ट्यावर ७२ जागा भोके पाडलेल्या स्थितीत तशाच उरल्या.

त्यांनी मला फोन केला. “सर, बकेटी कमी आल्यात. बहात्तर पाहिजेत अजून.” यादीवर माझी सही होती आणि यंत्राच्या गणितावर माझी श्रद्धा होती, म्हणून मी विचारले नाही, निकालच दिला: “मामा, मोजणी कॉम्प्युटरने केलीय, ती चुकत नसते. तुम्हीच भोकं जवळजवळ पाडलीत.” पलीकडे काही क्षण कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, “सर, टेप हातातच हाय. दोनशे म्हंजी दोनशेच. आता पुन्यांदा लावून बगतो.” आणि त्यांनी खरोखरच, फोन चालू ठेवून, खालून वर एकेका भोकाचे अंतर मला मोजून वाचून दाखविण्यास आरंभ केला: दोनशे, दोनशे, दोनशे. ज्या माणसाने भोके पाडण्यात अर्धे आयुष्य घालविले, त्याने आपल्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या माणसापुढे अशी एकेका भोकाची कैफियत द्यावी, आणि त्या लहान माणसाने ती अर्ध्यावर तोडून फोन ठेवावा, हे त्या दिवशी घडले.

बहात्तर बकेटी दुसऱ्या गाडीने पाठविल्या. त्या गाडीचे भाडे आणि खोळंब्याचे तीन दिवस मामांच्या मजुरीतून वजा झाले. त्या बकेटी त्याच भोकांवर, एकही भोक नव्याने न पाडता, बिनचूक बसल्या. म्हणजे आरोप निराधार असल्याचा पुरावा त्या पट्ट्यावरच उभा होता. तो वाचावयास कोणी गेले नाही.

त्यानंतर एका रात्री मी ड्रॉइंग उघडले. एका बकेटीवर कर्सर नेला की सबंध बकेट उजळे. पट्ट्याच्या वरच्या भागातील एका बकेटीवर नेला, तेव्हा फक्त एक रेघ उजळली. शेजारचीवरही एकच रेघ. गिऱ्हाइकाने मागाहून उंची सहा फूट वाढवून मागितली होती. त्या वाढीव भागात, चढत्या आणि उतरत्या बाजू मिळून, प्रत्येक एलिव्हेटरवर अठरा बकेटी आल्या होत्या, आणि तपासणीच्या खिडकीआड जाणाऱ्या त्यांच्या रेघा छाटता याव्यात म्हणून ते ब्लॉक फोडून त्यांच्या सुट्या रेघा केलेल्या होत्या. डोळ्यांना त्या बकेटीच दिसत. यंत्राच्या लेखी तेथे बकेट नव्हतीच. चार वेळा अठरा, बहात्तर. ते ब्लॉक फोडणारा हात माझाच होता. मुदत गाठण्याच्या घाईत एका संध्याकाळी केलेले ते काम माझ्या स्मरणातूनही गेले होते.

माझे वडील महसूल खात्यात कारकून होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर पडक्या घरांच्या पंचनाम्यांसाठी त्यांना धाडले होते. गल्लीच्या एका टोकाने घरे मोजून झाली की ते दुसऱ्या टोकाने पुन्हा मोजीत, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत फर्दीवर सही करीत नसत. या पद्धतीला ते रुजुवात म्हणत. आमच्या धंद्यात तिची गरज तितकीच आहे, कारण चूक दोन्हीकडून होते: फोडलेला ब्लॉक मोजला जात नाही, तर एकावर एक बसलेले दोन ब्लॉक डोळ्यांना एकच दिसतात आणि यंत्र दोन मोजते, कोपऱ्यातील खुणांच्या तक्त्यात नमुन्यादाखल ठेवलेला ब्लॉकही बेरजेत शिरतो. म्हणून नवशिक्या ड्राफ्ट्समनना मी सांगतो की ब्लॉक फोडू नका. आणि फोडावाच लागला, तर यादीच्या शेऱ्यात तसे लिहा.

तरी हेही खरे की मी लाल पेन्सिलीकडे परतलेलो नाही. पाचशे नग हाताने मोजताना मीही चुकतो, आणि त्या रात्रीही फोडलेल्या बकेटी मला यंत्रानेच, ती एक रेघ उजळून, दाखविल्या. यंत्राला दोष द्यावयास माझी जीभ धजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेखी टिपण दिले: चूक ड्रॉइंगची, म्हणजे माझी, असून फिटरची कपात परत करावी. हिशेब बंद झाल्याचे उत्तर मिळाले. मी मामांकडे गेलो आणि ती रक्कम पुढे केली, तेव्हा त्यांनी माझा हात मागे सारला आणि म्हणाले, “तुमच्याकडून नको, सर. ज्यांनी कापली त्यांनी द्यावी.” त्यांचे म्हणणे न्याय्य होते. टिपणाची पोच माझ्याजवळ आहे; मामांची रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.