आजोबांची चारशे पंचवीस

दरवर्षी खंडेनवमीस आमच्या घरी देवघरापुढे पाट मांडून त्यावर तीन बंदुका ओळीने ठेवण्याची वहिवाट होती. पहिली बारा बोरची दुनळी. ती पिकाच्या राखणीसाठी चुलत्यांनी घेतलेली. दुसरी .३१५ बोरची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली रायफल, ती वडिलांची. आणि तिसरी आजोबांची .४२५. हिला घरात कोणी बंदूक म्हणत नसे, रायफलही म्हणत नसे. 'चारशे पंचवीस' एवढेच तिचे नाव, आणि ते घेताना आमच्या आत्याबाई पदर सावरीत.

या तिघींचा परवाना कालांतराने आमच्या नावावर आला. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्रांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरले, आणि जादा असेल ते एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करण्याची आज्ञा झाली. कायद्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु तिघींतून एकीस निरोप द्यावयाचा, हे काम वाटले होते तितके सोपे निघाले नाही.

घरात मते पडली. आमच्या गृहिणींचे मत असे की तिन्ही देऊन टाकाव्या आणि त्या कपाटात डाळीचे डबे ठेवावे. शेती पाहणाऱ्या पुतण्याचे मत असे की दुनळी आणि .३१५ ठेवावी, कारण त्यांची काडतुसे मिळतात. चारशे पंचवीस व्यापाऱ्याला विकावी. १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसास बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती हत्यारांस हौशी गिऱ्हाइकांत मोठी किंमत येते, हेही त्याने आम्हांस ऐकविले. त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. म्हणूनच ते आम्हांस लागले.

वाचकांपैकी ज्यांनी इंदापूर तालुका पाहिला आहे त्यांना येथे एक शंका येईल. .४२५ ही गवा, वाघ, फार तर हत्ती यांच्यासाठी घडविलेली रायफल. आमच्या मुलखात ती आली कशाला? बारामतीपासून भिगवणपर्यंत आणि खाली नीरा-नरसिंहपूरच्या संगमापर्यंत पाहावे, तर एका बाजूस कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या बाजूस उघडे माळ. माळावर कुसळी गवत, खुरट्या बाभळी आणि धनगरांची मेंढरे. कडबनवाडीच्या माळावर लांडगा आणि खोकड आहे. सुप्याजवळ चिंकारा आहे, आणि त्याच्यासाठी १९९७ साली तेथे मयूरेश्वर अभयारण्य झाले. परंतु ज्याला गोळी घालण्यासाठी चारशे पंचवीस लागावी असे जनावर येथे आजोबांच्या काळीही नव्हते. त्यांनी ती घेतली तेव्हा गावात म्हणत की, रावसाहेबांनी उंदरासाठी तोफ आणली आहे.

घेतली ती मात्र फार विचाराने. कालव्याच्या कामावरचा एक इंग्रज इंजिनीअर नोकरी संपवून स्वदेशी निघाला होता. त्याचे सामान विकावयाचे होते. हे १९३६ साल. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच वेळी आणखी दोन रायफली होत्या. तिघींतून एक निवडण्यासाठी आजोबांनी एक वही घातली होती. ती मोडीत असल्याने आम्ही आयुष्यभर नुसतीच पाहिली. कायद्याने निवड करणे भाग पडले तेव्हा मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडे ती घेऊन गेलो, आणि त्यांनी दोन दुपारी बसून ती आम्हांस वाचून दाखविली.

वहीत प्रथम तीन रकाने आहेत. एकीत .३७५, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीने १९१२ साली काढलेली. दुसरीत जेफ्री यांची .४०४. तिसरीत बर्मिंगहॅमच्या वेस्ली रिचर्ड्स यांची १९०९ सालची .४२५. गोळीचे वजन विलायती याद्यांत ग्रेनमध्ये असते. आजोबांनी ते तोळ्यांत मांडले आहे. एका तोळ्यात १८० ग्रेन. त्या हिशेबाने .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांस थोडी कमी; .४०४ ची ४०० ग्रेनची आणि .४२५ ची ४१० ग्रेनची या दोन्ही सव्वादोन तोळ्यांच्या आसपास. वेगाच्या रकान्यात .४०४ पुढे सेकंदास २१२५ फूट आणि .४२५ पुढे २३५० फूट असे आकडे आहेत. सराफाच्या काट्यावर मृत्यू तोलून पाहावा, तसे ते पान दिसते.

त्यानंतर उन्हाचा विचार आहे. त्या काळच्या काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असे. ती उन्हाने तापली की नळीतील दाब वाढतो, आणि दाब वाढला की रिकामे कवच आत घट्ट बसून बाहेर निघण्यास अडते. यासाठी हिंदुस्थान व आफ्रिका येथील मोठ्या काडतुसांची कवचे प्रशस्त ठेवून दाब बेताचा राखीत. .४५० बोरच्या काडतुसांस हिंदुस्थानात सरकारने बंदी केली होती, कारण त्या बोरच्या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती असल्याचे भय होते. म्हणून विलायतेतील पेढ्यांनी.४६५ आणि .४७० असले चमत्कारिक बोर शोधून काढले. एका सरकारच्या धास्तीतून बंदुकांची एक पिढीच जन्मास आली.

सर्वांत अधिक पाने काडतूस आत सरकण्याच्या क्रियेवर आहेत. पॉल मौझर याने १८९८ साली बसविलेल्या रचनेत बोल्टला पोलादाची एक लांब नखी असते. पेटीतून काडतूस वर येताच ही नखी त्याच्या बुडाची कड पकडते, आणि गोळी उडून कवच बाहेर फेकले जाईपर्यंत सोडीत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट ओढला, तिरका धरला, तरी काडतूस निसटत नाही. हिंस्र जनावरासमोर पहिली गोळी कोणतीही बंदूक मारते. बंदुकीची परीक्षा दुसऱ्या गोळीला होते. आता .४२५ चा एक दोष असा की, तिच्या काडतुसाची बुडाकडील कड कवचापेक्षा अरुंद ठेवलेली आहे. त्यामुळे मौझरचा साधा बोल्ट तिला चालतो, मोठा व महाग बोल्ट करावा लागत नाही. परंतु क्वचित बोल्ट त्या कडेवरून नुसताच घसरून पुढे जाण्याचा संभव राहतो. आजोबांनी त्या साहेबाच्या बंगल्यावर बसून दारू काढलेली काडतुसे शंभर वेळा आतबाहेर केली. एकदाही अडले नाही, तेव्हा पैसे मोजले.

येथवर ऐकून आम्ही मोडी वाचणाऱ्या स्नेह्यांस म्हणालो, "आजोबा मोठे चिकित्सक!" ते काही बोलले नाहीत. त्यांनी पान उलटले.

पुढे १९३४ सालची हकीकत होती, म्हणजे रायफल घेण्याच्या दोन वर्षे आधीची. घाटमाथ्यावरील एका रानात आजोबा कोणा स्नेह्याचे पाहुणे म्हणून शिकारीस गेले होते. हाका सुरू झाला. हातात मागून आणलेली हलकी रायफल. गवा बाहेर पडला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते. असे जनावर पहिल्यानेच समोर पाहणाऱ्या माणसाचे हात स्थिर राहत नाहीत. आजोबांनी घाई केली. गोळी खांद्यामागे फार दूर, पोटात लागली. जखमी गवा वळला आणि हाकाऱ्यांच्या रांगेत शिरला. त्यांतील एक तरुण वाचला, पण त्याचा उजवा पाय गेला.

बंदुकीच्या पेटीच्या अस्तराखाली मनिऑर्डरींच्या पावत्यांचे एक पुडके आहे. ते आम्ही लहानपणापासून पाहत होतो आणि कोणाच्या तरी देण्याघेण्याचे असेल असे समजत होतो. पहिली पावती १९३४ च्या दिवाळीची आहे. शेवटची १९५२ ची.

वहीच्या शेवटच्या पानावर आजोबांनी एवढेच लिहिले आहे की दोष बोराचा नव्हता. थांबावयाचे होते, थांबवले नाही. हे त्यांनी रायफल घेतल्यानंतर लिहिले. त्या रायफलीने त्यांनी एकही जनावर मारले नाही. तळ्याच्या बांधावर चुन्याने रंगविलेले मडके ठेवून वर्षातून दोन वेळा ते नेम धरीत. लहानपणी आमचे वडील ते मडके ठेवावयास जात.

शिकारीचे ग्रंथ सांगतात की बंदूक जनावराच्या मापाने घ्यावी. आम्हांस आता वाटते की माणूस ती आपल्या भीतीच्या मापाने घेतो. जिम कॉर्बेट यांस १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल .२७५ बोरची रिग्बी रायफल बक्षीस मिळाली. तिची गोळी पाऊण तोळ्याची. तिने त्यांनी पुढे नरभक्षक मारले. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने तसल्याच लहान बोराने शेकड्यांनी हत्ती पाडले. हे दोघे शांतपणे थांबू शकत होते म्हणून त्यांस थोडे शिसे पुरले. याचा अर्थ मोठा बोर निरुपयोगी आहे असा नव्हे. दहा हातांवरून अंगावर येणारा गवा थांबवावयाचा असेल, तर पाऊण तोळ्यावर कोणी शहाणा विसंबणार नाही. परंतु त्या दहा हातांपर्यंत प्रसंग येऊ न देणे हे बोराचे काम नाही, माणसाचे आहे. घडून गेलेल्या चुकीसाठी आजोबांनी जगातील उत्तम हत्यार विकत घेतले, आणि ते दोन वर्षे उशिरा आले.

हे सर्व आम्ही पुतण्यास सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "काका, आजोबांचे दुःख मला कळते. पण तुम्ही रात्री वाड्यात निजता. उसाला पाणी द्यायला आम्ही जातो. वीज रात्रीची मिळते, म्हणून रात्रीच जावे लागते. बिबट्या आला तर घरात एक तरी चालते हत्यार नको का?"

या प्रश्नास हसून उत्तर देता येण्यासारखे नव्हते. जुन्नरच्या बाजूस उसात बिबट्यांचा वंश वाढला हे सर्वांस ठाऊक आहे. उसात आडोसा, कुत्री-शेळ्यांचे भक्ष्य आणि कालव्याचे पाणी, त्यास आणखी काय हवे? त्याच सुमारास आमच्याकडेही, बारामतीच्या बाजूस, बिबट्या दिसल्याच्या व पिंजऱ्यात धरल्याच्या वार्ता येत होत्या. पुतण्याची भीती खरी होती.

आम्ही त्यास म्हणालो, "अरे, परवाना आमच्या नावावर. म्हणजे तू हाक मारलीस की ती .३१५ घेऊन धावत यावयाचे ते आम्ही. आमचे वय अडुसष्ट, गुडघे असे, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. नळीवरची माशी आम्हांस दोन दिसतात. अंधारात, उसात, आम्ही मारलेली गोळी कोठे लागेल? फार तर पोटात. आणि मग जखमी जनावर उसात आणि तूही उसात."

तो गप्प राहिला. आम्ही पुढे सांगितले की १९७२ चा वन्यजीव कायदा आत्मरक्षणाचा हक्क काढून घेत नाही. खरोखर प्राणावर बेतले असता केलेला बचाव गुन्हा ठरत नाही. परंतु संशयावरून रात्री बंदूक घेऊन शोधास निघणे हा बचाव नव्हे. माणसांस धोकादायक झालेल्या जनावराविषयी आज्ञा देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, आणि तोही, ते धरता येत नाही असे ठरल्यावर. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात वाघीण मारली गेली तेव्हा अशी आज्ञा असूनही केवढा वाद उठला, हे वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले. जेथे वनखात्याच्या सर्व तयारीनिशी निघालेल्या माणसांचाही निर्णय वादात पडतो, तेथे आमच्या मोतीबिंदूने काय करावे?

शेवटी निकाल असा झाला. दुनळी राहिली, कारण तिची काडतुसे मिळतात आणि बांधावरून हवेत केलेला तिचा आवाज डुकरांस पुरतो. .३१५ आम्ही परवानाधारक व्यापाऱ्याकडे दिली. ती चालती होती, आणि ती चालती होती म्हणूनच दिली. भ्यालेल्या माणसाच्या हाताशी चालते हत्यार असले की थांबण्याची बुद्धी होत नाही, हे आम्ही दोन दुपारी ऐकले होते. तिचे जे पैसे आले त्यांत पुतण्याने शेळ्यांचा गोठा वरून जाळीने बंद केला, दोन चांगल्या विजेऱ्या घेतल्या, आणि रात्री पाण्यावर एकट्याने न जाता गड्यास बरोबर घेण्याचे ठरविले. उसात वाकून किंवा बसून काम करणारा मनुष्य जनावरास माणूस वाटत नाही, म्हणून दोघांनी मोठ्याने बोलत जावे, असेही ठरले. दोघे काय बोलतात ते विचारू नये. बहुतेक आमच्याविषयीच बोलत असावे.

चारशे पंचवीस घरीच आहे. तिची काडतुसे आता आमच्याजवळ नाहीत. ऐंशीपेक्षा अधिक वर्षांमागे शंभर वेळा अडला नाही तो बोल्ट आजही अडत नाही. गेल्या खंडेनवमीस पाटावर दोनच बंदुका होत्या. पुतण्याने नळीत तेलाचा बोळा फिरविला, पेटीच्या अस्तराखालचे पुडके काढून त्यावरची धूळ पुसली, आणि आम्हांस विचारले, "काका, या माणसाचे घर अजून तेथे असेल का?"

पावत्यांवर गावाचे नाव आहे. या हंगामाचा ऊस तुटला म्हणजे आम्ही दोघे तेथे जाऊन येणार आहोत.