एकशे सहासष्टावी

उन्हाळ्याच्या सुटीत सुरतेला नवागामच्या घरी गेलो की टीव्हीवरून माझे आणि आबांचे भांडण ठरलेले. आबा पोलिसात हवालदार होते. निवृत्तीनंतर खानदेश सोडून ते आमच्याकडे आले. (नवागाम म्हणजे तरी काय, सुरतेत येऊन वसलेला खानदेशच!) पडद्यावरच्या पोलिसांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "साहेब जीपमधून उतरला की गुन्हेगार सापडतो. मग पंचनामा कोण लिहितो रे?"

अशा आबांना मी मोबाईलवर बीबीसीची 'न्यू ट्रिक्स' दाखवली. २००३ ते २०१५ अशी बारा पर्वे ही मालिका चालली. लंडनच्या एक अधिकारी बाई निवृत्त डिटेक्टिव्हांना हाताशी धरतात आणि धूळ खात पडलेली जुनी प्रकरणे उकरून काढतात. म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकवता येत नाहीत, या इंग्रजी म्हणीवरून हे नाव. "म्हणजे कुत्रा मी का?" आबांनी विचारलेच!

इंग्रजी त्यांना कळत नव्हते. म्हातारे मात्र कळत होते. त्यांतल्या ब्रायनला साऱ्या फायली तोंडपाठ, पण नोकरीतले एक जुने प्रकरण त्याचा पिच्छा सोडत नाही. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याला झोप येत नसेल."

त्या रात्री त्यांनी प्रथमच सांगितले. जत्रेत सहा वर्षांचा एक मुलगा हरवला होता. त्याचा बाप दर बाजारच्या दिवशी ठाण्यात येऊन पायरीवर बसे. काही विचारतही नसे. पुढे आबांची बदली झाली. कागद तिथेच राहिले.

मला मुंबईचे राजेंद्र धोंडू भोसले आठवले. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले हे सहायक फौजदार. २००८ ते २०१५ या काळात तिथल्या १६६ मुली हरवल्या. भोसल्यांच्या पथकाने १६५ शोधल्या. राहिली ती सात वर्षांची, २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेजवळून नाहीशी झालेली. २०१५ साली भोसले निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून शोधतच राहिले. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली, तीही अंधेरीतच! एका बाईच्या मदतीने तिने इंटरनेटवर स्वतःचेच हरवल्याचे पत्रक शोधले. त्यावरच्या पाच नंबरांपैकी एकच चालू होता, शेजाऱ्याचा.

"म्हणजे भोसल्यांना ती सापडलीच नाही," मी म्हणालो.

"पोर सापडनी ना?" आबा अहिराणीवर आले. "मंग?"

थोड्या वेळाने त्यांनी मोबाईलकडे बोट दाखवले आणि मुलाचे नाव, गाव सांगितले. आज तो चाळिशी उलटलेला असेल. मी टाईप केले. काही निघाले नाही.

सकाळी चहा घेताना आबा म्हणाले, "नाव नीट लिहिलेस ना? आडनावात ळ आहे. आपल्याकडे य म्हणतात, पण कागदावर ळ होता."