सेन्सर बदलण्याआधी



तुझा मेसेज वाचला आणि फोनवर दोन ओळी टाकण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं. चेक इंजिनचा दिवा लागला, दुकानातल्या माणसाने स्कॅनर लावून ‘पी०१७१’ हा कोड काढला आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका’ म्हणून मोकळा झाला. त्यात न्यू जर्सीचं इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. तुझी घालमेल कळते, पण अजून पैसे मोजू नकोस.

तो कोड एवढंच सांगतो की मिक्श्चर लीन येतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत गेला आणि त्याची मर्यादा संपली, तेव्हा दिवा लागला. हे सगळं त्याला कळलं ते सेन्सरकडूनच. साक्ष दिली म्हणून साक्षीदारालाच फाशी द्यायची, तसं हे झालं!

हा सेन्सर मला फार आवडतो. १९७६ मध्ये बॉशने बनवलेला पहिला सेन्सर व्होल्वोच्या गाडीत बसला. आत झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला एक्झॉस्टच्या पाइपमधला धूर. टोपी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की त्या घट्ट सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज तयार होतं. लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर ०.९. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा समतोल साधताना आकडा ०.४५ च्या खाली-वर सतत नाचत राहतो.

पण तुझी गाडी जपानी आहे, म्हणून आधी बॉनेटखालचा एमिशनचा स्टिकर वाच. पुढचा सेन्सर ‘एअर-फ्युएल’ जातीचा निघाला, तर त्याचा आकडा असा नाचणार नाही. त्याला बिघाड समजू नकोस. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सरही साधारण स्थिरच असायला हवा.

आता तपासणी. इंजिन चांगलं गरम कर आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा. आयडलिंगला आकडा खूप चढलेला असेल आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इंटेकची एखादी रबरी नळी चिरलीय, इंजिन तिथून चोरून हवा ओढतंय. उलट, रेस दिल्यावर, चढावर ट्रिम आणखी चढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर बघ. इंजिन मिसिंग मारत असेल, तरी न जळलेला ऑक्सिजन धुरातून बाहेर पडतो आणि सेन्सर बिचारा लीनच सांगतो.

तुमच्याकडे आणखी एक भानगड असते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने सायलेन्सरचे पाइप गंजतात. सेन्सरच्या आधी कुठे बारीक भोक पडलं, तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि रीडिंग चुकतं. सकाळी थंड इंजिन चालू करून टकटक आवाज येतो का ऐक, जोडांपाशी काळी काजळी शोध.

हे सगळं ठीक निघालं, तरच सेन्सरची परीक्षा घे. व्हॅक्यूमची एक नळी क्षणभर काढ, आकडा चटकन लीनकडे गेला पाहिजे. एकदम रेस दे, तो रिचकडे गेला पाहिजे. दोन्हीकडे झटपट पळाला तर सेन्सर ठणठणीत आहे. एकाच आकड्यावर बसून राहिला किंवा रेंगाळत सरकला, तर खुशाल बदल. हीटरचा कोड वेगळा येतो, पी०१३५. तो आला तर आधी फ्यूज बघ, मग हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोज. थोडे ओहम दाखवले तर हीटर शाबूत, मीटरने सर्किट तुटलेलं (ओपन) दाखवलं तर हीटर गेला.

एक मात्र लक्षात ठेव. इन्स्पेक्शन जवळ आलंय म्हणून कोड पुसून घेऊ नकोस. पुसला की दिवा लागला तेव्हाची नोंद जाते आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्यातल्या बहुतेक पूर्ण होईपर्यंत इन्स्पेक्शनवाले गाडी पास करत नाहीत. आणि दिवा कधी लुकलुकू लागला, तर गाडी बाजूला घे. मिसिंगचं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळू शकतो आणि त्याच्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही.

आयडलिंगला आणि २५०० ला ट्रिम किती येतो, ते दोन आकडे मला कळव. दोघं मिळून शोधू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
गॅरेजवाला मित्र